बेघरांचा निवारा: संस्थेची सेवा की महापालिकेचे काम?
पनवेलजवळचा ‘सील’ आश्रम पास्टर के. एम. फिलिप यांनी १९९९ मध्ये सुरू केला. रस्त्यावर पडलेल्या आजारी, मानसिक आजाराने भरकटलेल्या बेघरांना आणायचे, उपचार करायचे आणि घर सापडले तर तिथे पोहोचवायचे, हे या ख्रिस्ती संस्थेचे काम. यातले अवघड काम अर्थातच घर शोधण्याचे.

मालेगावचे काय? राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष लाख लोकसंख्येमागे एका निवाऱ्याचा होता. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे किमान चार निवारे हवेत. (यंत्रमागाशेजारीच झोपणारा कामगार बेघर धरायचा का, हा वेगळाच प्रश्न.) निवारा चालवायला संस्थेला देता येतो, जागा आणि देखरेख मात्र महापालिकेनेच पाहायची आहे.