आधी रात्र, मग गॅस

“कोकणातली गाडी आहे हो, बोल्ट जाम होणारच. कापायलाच लागणार.” महामार्गावरच्या गॅरेजांतून हे वाक्य इतकं सर्रास ऐकू येतं की गिऱ्हाईक पुढचं ऐकतही नाही, सरळ खिशात हात घालतं. मला या वाक्याची चीड येते. खाऱ्या वाऱ्याच्या नावावर खपवलेला हा मुळात हातांचा आळस आहे. आणि त्याचं बिल भरतो वडापवाला, मासळीचा टेंपो चालवणारा, एका दिवसाची फेरी बुडाली तर ज्याचा हप्ता तुंबतो असा माणूस.

गुहागर तालुक्यात पंचवीस वर्षं मी गाड्यांखाली आडवा पडतोय, तेव्हा खारं वारं मला कुणी शिकवू नये. पावसाचे चार महिने तळाला लाल चिखल, उरलेले आठ महिने समुद्राचं वारं. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीतून गाड्या येतात, त्यांच्या बुडाला खाडीचा दमटपणा लागतो. वर शनिवार-रविवारचे पाहुणे. गाडी पुळणीवर घालतात, चाकं रुतली की ट्रॅक्टर शोधत फिरतात, आणि तीच खारी वाळू बुडाला घेऊन घाट चढून घरी जातात. अरे, निदान गोड्या पाण्याने खालून धुवा तरी! वरचा रंग चकचकीत पुसतात, खाली कोण बघतो?

तर गंज धरतो, मान्य. पण गंज धरणं वेगळं आणि बोल्ट न निघणं वेगळं.

ज्यांनी गाडीखाली कधी डोकं घातलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाकाला धरून ठेवणारा जो लोअर आर्म असतो, त्याच्या टोकाला रबराचा बुश. रबराच्या पोटात लोखंडी नळी, आणि त्या नळीतून बोल्ट आरपार. नळी आणि बोल्ट यांच्यात केसाएवढी फट. पाणी शिरतं ते तिथे, आणि बसूनच राहतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. फट भरते, आणि काही वर्षांत नळी-बोल्ट एक होतात. गंमत म्हणजे नट बिचारा निमूट सुटतो. बोल्टला पाना लावला तर तोही फिरल्यासारखा वाटतो. नवा पोरगा ओरडतो, “सुटला, सुटला!” सुटलेला काही नसतो. रबर पिळ खातं आणि पाना सोडला की परत जागेवर येतं.

इथेच पोरं गॅसची नळी ओढतात. लाल होईस्तोवर ज्योत धरायची, मग घण. रबर जळतं, काळा धूर होतो, शेजारून ब्रेकचा होज गेलेला असतो तो भाजतो. बोल्ट निघतो खरा, पण दीडशे-दोनशेच्या बोल्टसाठी अख्खा आर्म बदलायला लागतो. मिस्त्री म्हणतो, “बघा, आर्म पण खराबच होता.” होता कसला? तूच केलास तो.

पैशाचं एक वेळ सोडा. माझ्याकडे एक वडापची जीप आली. आधी दुसऱ्या गॅरेजात काम झालेली, कुठल्या ते सांगत नाही. ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते एवढीच तक्रार. खाली जाऊन बघतो तर गॅसने तापवून काढलेला तोच बोल्ट पुसून परत घातलेला. अंगावर निळा-काळा पट्टा, मध्ये वाकलेला, आणि भोक लांबटलेलं. ही गाडी रोज दहा-बारा माणसं भरून घाट उतरत होती. शाळेची पोरं त्यात.

लोहार कोयत्याला पाणी देतो ना, तसं या बोल्टांनाही कारखान्यात पाणी दिलेलं असतं. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात, ते शोभेला नाहीत. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कल ताणापर्यंत तुटणार नाही, आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचा लांबणार नाही, असा तो करार. लालभडक केलात की पाणी उतरलं, करार संपला. आकडा मात्र डोक्यावर तसाच राहतो, म्हणून फसायला होतं. आणि त्याच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला, गेटाच्या बिजागरीला लावतात तसला बोल्ट ठोकणारे तर वेगळेच महाभाग.

मग करायचं काय? रात्र द्यायची. संध्याकाळी गाडी घोड्यांवर घ्यायची, नुसत्या जॅकवर नाही. तारेचा ब्रश मारून बाहेर दिसणारे आटे साफ करायचे. माती तशीच ठेवून नट फिरवला तर ती आट्यांत दळली जाते आणि आटे मरतात. मग गंज सोडवणारं तेल दोन्ही टोकांना, डिस्कवर उडू न देता. आणि बोल्टच्या डोक्यावर हातोडीने टकटक. ठोकायचं नाही, दार वाजवतो तसं. त्या थरथरीने तेल आत सरकतं. जेवून आलात की परत. झोपायच्या आधी परत.

सकाळी सहा कोनी सॉकेट घ्यायचा, बारा कोनी नको, तो कोपरे खातो. लांब दांडा लावून आधी जरासा आवळायच्या बाजूला, मग सोडायच्या. ‘कट्’ असा आवाज झाला की समजायचं, गंजाची पकड तुटली. तरी घाई नाही. पाव फेरा पुढे, थोडा मागे, तेल, परत. नट सुटल्यावर तो टोकाशी सपाट येईल एवढा परत चढवायचा आणि मग त्याच्यावर घाव घालायचा. उघड्या टोकावर ठोकलंत तर ते फुलतं आणि भोकातून निघायचं नाव घेत नाही.

याउपर नाहीच निघाला तर मीही कापतो. पण हॅक्सॉच्या पात्याने, बुश आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीतून, दोन्ही बाजूंनी. आर्म वाचतो, ब्रॅकेट वाचतं. जातो तो बुश आणि बोल्ट. आमच्या उस्तादांच्या गॅरेजात गॅस होता, पण तो पेटवायला त्यांची परवानगी लागायची, आणि ते आधी विचारायचे, “रात्र दिलीस काय?”

खरा राग मला काढणाऱ्यापेक्षा बसवणाऱ्याचा येतो. नवा बोल्ट कोरडाठाक घालतात! अंगाला ग्रीसचा पातळ हात द्यायला किती वेळ लागतो? आट्यांवर लपका नको, नाहीतर आवळण्याचं माप चुकतं, पण नळीत जाणाऱ्या भागाला हवंच. तेवढं केलं की पुढची चार-पाच वर्षं खारं वारं काय करतं ते बघू. दुसरं, गाडी वर उचललेली आणि चाकं लोंबकळत असतानाच हे बोल्ट कचकचून आवळतात. मग गाडी खाली उतरली की रबर बसल्या जागी पिळलेलंच राहतं, आणि वर्षात फाटतं. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचा आवळ द्यायचा. गाडी न्यायला जाल तेव्हा एवढं एक विचारा, “वजनावर आवळलंत ना?” मिस्त्री गप्प झाला तर समजून जा.

आता वडापवाले मला म्हणतात, “दादा, रात्रभर गाडी ठेवली तर सकाळची सहाची फेरी कोण मारील?” रास्त आहे. त्यांच्यासाठी माझी सोय वेगळी. काम करायच्या दोन-तीन दिवस आधी संध्याकाळी पाच मिनिटं या, तेल मारून देतो, पैसे नकोत. दुसऱ्या दिवशी परत या, परत मारतो. मधल्या वेळात गाडी चालवा. टकटक करायचं काम रस्त्यातले खड्डे करतात, आणि त्यांची आपल्याकडे वाण नाही.