आधी मोजणाऱ्याला मोजा!

गेल्या शनिवारी मी साडेतीन हजार डॉलर वाचवले, घरासमोर गाडीखाली आडवं पडून. पण कौतुक करू नका, कारण हा खर्च ओढवून घेणारा शहाणाही मीच होतो. माझं भांडण आहे ते आपल्या सगळ्यांच्या एका सवयीशी: काही बिघडलं की आधी पार्ट बदलायचा, विचार नंतर!

झालं असं. आम्ही डेन्व्हरला राहतो. जुनी ऑटोमॅटिक व्हॅन आणि तिच्यामागे जोडायचा एक छोटा कॅम्पर आहे. इथून आय-70 ने पश्चिमेला निघालं की रस्ता चढत चढत पार 11,000 फुटांवरच्या आयसेनहॉवर बोगद्यापर्यंत जातो. ओझं ओढत हा चढ चढायचा म्हणजे ट्रान्समिशनच्या तेलाची सत्त्वपरीक्षाच. 175 ते 200 अंश फॅरनहाइटपर्यंत तेल निवांत असतं. त्यापुढे दर 20 अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा एक ढोबळ हिशेब आहे. आणि आमच्या डॅशबोर्डवर या तेलाचा काटाच नाही! म्हणून बाहेरून गेज आणून मी स्वतः बसवला.

पहिल्याच सहलीत चढावर काटा 195 वर होता. बोगद्याच्या तोंडाशी मी दिवे लावले, आत शिरलो आणि बघतो तर काटा 235 वर! मागे दोन पोरं, बाजूला बायको, थांबायला जागा नाही. घाम फुटला राव. बोगदा संपला, दिवे बंद केले, उतार लागला, काटा खाली आला. निदान सोपं होतं ना? चढावर तापलं, उतारावर निवलं.

मग सल्ले सुरू झाले. एका गॅरेजवाल्याने काहीही न उघडता सांगितलं, ट्रान्समिशन गेलं, रिबिल्ड करा, साडेतीन हजार. एक मित्र म्हणाला, "अरे, सेन्सर बदल." बदलला. चाळीस डॉलर गेले, काटा तसाच. दुसरा म्हणाला, "बाहेरचा माल असाच असतो. काढून टाक तो गेज. वॉर्निंगचा दिवा लागला की बघू." म्हणजे पेशंट बेशुद्ध पडला की ताप मोजू!

एका संध्याकाळी घरासमोर व्हॅन नुसती चालू ठेवून उभी होती. सहज दिवे लावले. काटा टुणकन 40 अंश वर. बंद केले, खाली. पुन्हा लावले, पुन्हा वर. आता मला सांगा, कित्येक लिटर तेल एका क्षणात 40 अंशांनी तापेल का? आणि तेही गाडी जागेवर उभी असताना?

शनिवारी तपासणीला बसलो. सेन्सरची वायर काढली, काटा तळाला गेला. तीच वायर क्षणभर बॉडीला टेकवली, काटा टोकाला. म्हणजे वायर आणि काटा ठीक. मग कॅम्परची शेगडी बाहेर काढून पाणी उकळलं, काढलेला जुना सेन्सर त्यात बुडवला आणि त्याची बॉडी अर्थला जोडली. डेन्व्हरच्या 5,280 फुटांवर पाणी 212 ला नाही, साधारण 202 ला उकळतं. दिवे बंद असताना काटा 200 च्या आसपास थांबला. बिचारा जुना सेन्सरही निर्दोष होता!

शेवटी मल्टिमीटर. गेजची अर्थिंग आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये दिवे बंद असताना जवळपास शून्य, दिवे लावल्यावर एक व्होल्टच्या वर. गुन्हेगार सापडला. गेजची आणि त्याच्या आतल्या बल्बची अर्थिंग मी एकाच स्क्रूखाली, रंग दिलेल्या पट्टीवर आवळली होती. बल्बच्या करंटला त्या रंगातून नीट वाट मिळेना, त्यामुळे गेजचा शून्यच वर उचलला जायचा. खाली सेन्सरची अर्थिंग मात्र पक्की. हा फरक गेज उष्णता समजून दाखवत होता. रंग खरवडला, दोन वेगळ्या वायरी टाकल्या, काम फत्ते.

आता मुद्दा. काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा गॅरेजवाला आणि डोळे मिटून अविश्वास दाखवणारा मित्र, दोघंही एकाच पंथाचे. मोजलं कोणीच नाही. आणि आपण ऑफिसात वेगळं काय करतो? ग्राफ लाल झाला की सर्व्हर रीस्टार्ट. तो ग्राफ काढणारा प्रोग्रॅम शुद्धीवर आहे का, हे कोण बघतं?

खरी भीती वेगळीच आहे. सेन्सरच्या आट्यांवर जास्त टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि त्याची अर्थिंग बिघडली, तर अशा एका वायरच्या सेन्सरवर काटा तापमान *कमी* दाखवतो. तसं झालं असतं तर मी शीळ घालत चढ चढलो असतो आणि तेल खाली करपत राहिलं असतं. चांगली बातमी देणाऱ्या काट्याची झडती कोणी घेत नाही.

असो. परवा पुन्हा बोगद्यातून गेलो. दिवे लावले, काटा 200 वरून हलला नाही. बायको म्हणाली, "बंद पडला वाटतं!"