समुद्राच्या पोटातला ताप

कवठे महांकाळच्या बेदाणा शेडपासून समुद्र दीडशे किलोमीटरहून दूर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे आवर्तन कधी सुटणार याच्या घोरात असलेल्या तालुक्याने अरबी समुद्राचा ताप कशाला मोजायचा, असे कोणी म्हटले तर ते गैर नाही. पण ऑक्टोबर २०१९ आठवावा. फळछाटणी झालेल्या द्राक्षबागा अवकाळी पावसात सापडल्या, दावण्या आणि घडकूज आवरता आवरेना. त्याच दिवसांत अरबी समुद्रात ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ घोंगावत होते, पाठोपाठ ‘महा’ आले. क्यार तर आपल्या किनाऱ्याला धडकलेही नाही.

वादळाला बळ मिळते ते कोमट पाण्यातून. वारा पाणी घुसळतो, खालचे गार पाणी वर येते आणि वादळाचा जोर ओसरतो. मात्र ऊब पन्नास-शंभर मीटर खोल मुरलेली असेल, तर घुसळूनही वर कोमटच पाणी येते. उपग्रहाला ही खोली थेट दिसत नाही. त्याला समुद्राची कातडी दिसते. पोटातला ताप मोजतात ते आर्गो फ्लोट. माणसाएवढी ही नळकांडी हजार मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहतात आणि साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात. मग आतले तेल बाहेरच्या पिशवीत ढकलले जाते, आकारमान वाढते आणि नळकांडे तापमान व क्षारता मोजत वर येऊन उपग्रहाला नोंदी पाठवते. जगभर असे सुमारे चार हजार फ्लोट आहेत. भारताचा वाटा हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था सांभाळते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२ ते २०१८ या काळात पश्चिम हिंदी महासागरात ६६ सागरी उष्णतेच्या लाटा मोजल्या. दर दशकाला त्या सुमारे दीडने वाढत आहेत. अशा लाटांच्या वेळी मध्य भारतातला मोसमी पाऊस घटतो, असेही त्यात दिसले. पण ही मोजणी पृष्ठभागाची. वर मागमूस नसताना खाली साचलेल्या उष्णतेचा हिशेब त्यात नाही.

तो ठेवायचा तर अरबी समुद्रात भारताने आणखी फ्लोट सोडायला हवेत. त्या पैशांत गावोगावी हवामान केंद्रे उभारा, हा आक्षेप वजनदार आहे. केंद्रे हवीतच; पण ती पाऊस पडल्यावर किती पडला ते सांगतात, आणि बागायतदाराला फवारणीचा निर्णय आधी घ्यावा लागतो. दुसरा आक्षेप, फ्लोट वाहून जातात आणि चार-पाच वर्षांत बंद पडतात. खरे आहे, म्हणूनच त्यांची भरती दरवर्षी व्हावी लागते. विहिरीचा गाळ एकदा काढून कुठे भागते? अमुक बागेवर अमुक दिवशी पाऊस पडेल, हे फ्लोट सांगणार नाही. असा दावा कोणी केला तर त्याला बांधावरूनच परत पाठवावे. मात्र अंदाजाचे प्रारूप ज्या समुद्रावरून सुरू होते, तोच चुकीचा धरला तर पुढचे गणित कितीही भारी असून काय उपयोग? जगातले निम्मे फ्लोट एकटी अमेरिका पुरवते. आपल्या दाराशी असलेल्या समुद्रासाठी इतके परावलंबन बरे नव्हे. सांगलीच्या खासदारांनी संसदेत द्राक्षाचे नुकसान मांडताना पुढच्या वेळी अरबी समुद्रात भारताचे किती फ्लोट चालू आहेत, हाही प्रश्न विचारावा.