कातळ आणि सोवळे

जांबोटीहून चोर्ला घाटाकडे निघाले की सह्याद्रीचे उघडे कातळ दिसू लागतात. देवळाच्या सावलीत वाढलेल्या एखाद्या मुलाने वा मुलीने दोर बांधून असा कातळ चढण्याची इच्छा नुसती बोलून दाखवावी, की घरात मनाईहुकूम सुटतो: डोंगर देवाचा, त्यास पाय लावू नये, आज एकादशी, उद्या अमावास्या, आणि मुलगी असेल तर विटाळाचा प्रश्न आधी! हा हुकूम धर्माचा आहे, हेच मुळी आम्हांस मान्य नाही.

डोंगर देवाचा म्हणून चढू नये, असे म्हणणाऱ्यांनी सप्तशृंगीकडे पाहावे. तेथे चैत्रोत्सवात दरेगावच्या गवळी घराण्याचा मानकरी रात्रीच्या वेळी, वाट नसलेल्या शिखरावर चढून भगवतीचा ध्वज लावतो. त्यास कोणी पाप म्हणत नाही. ती सेवा मानली जाते. रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीची आख्यायिका आपण मुलींना कौतुकाने सांगतो आणि त्यांनाच उंबऱ्यात अडवतो. तेनसिंग २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हा त्यांनी तेथील बर्फात देवतांसाठी खाऊ पुरून ठेवला. शिखराने त्यांची श्रद्धा हिरावून घेतली नाही.

समुद्र ओलांडणाऱ्यांना एके काळी आपल्याच समाजाने वाळीत टाकले. आज परदेशस्थांच्या देणग्यांच्या पाट्या देवळांच्या भिंतींवर झळकतात. शास्त्र बदलले नाही. भीती तेवढी ओसरली.

मात्र दोर हाती येताच घरचे सर्व संस्कार जोखड म्हणून भिरकावणाऱ्या तरुणांचीही वकिली आम्ही करणार नाही. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात एकही पायरी गाळू नये, हे ज्याच्या अंगवळणी पडले, त्याला दोराची गाठ पुन्हा तपासावयास सांगावे लागत नाही. कडक घराने दिलेली ती शिस्त कातळावर प्राण वाचवते. ती ठेवावी, तिच्या जोडीने आलेला धाक टाकावा.

कारण संपले की नियम संपतो, हे न्यायशास्त्राचे जुने सूत्र आहे. पावसाळ्यात वज्रपोहा धबधब्यालगतचा निसरडा कातळ चढू नये, या नियमास कारण आहे, तो पाळावा. विटाळाच्या नियमास भीतीखेरीज आधार नाही, तो सोडावा. वडीलधाऱ्यांनी प्रत्येक मनाईबरोबर तिचे कारण सांगावे. ते सांगता येत नसेल, तर मुलांची वाट मोकळी करावी. नाहीतर ती डोंगरावर जातीलच. देवळात मात्र परत येणार नाहीत.