विश्लेषण : लॅपटॉपमधले दुसरे ग्राफिक्स कार्ड लिनक्सवर बंद करणे इतके अवघड का?

विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अद्ययावते १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण एरवी धडधाकट लॅपटॉप वाचवण्यासाठी तेव्हापासून लिनक्सचा सल्ला दिला जातो. सल्ला योग्यच आहे. मात्र लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधले आणि वेगळे अशी दोन ग्राफिक्स असतील, तर वाट सरळ राहत नाही. नव्या यंत्रांपुरता हा प्रश्न बराचसा सुटला आहे. ज्यांना लिनक्सची गरज सर्वाधिक, त्या जुन्या यंत्रांसाठी तो तसाच आहे.

नेमकी अडचण काय?

माहुलचे उदाहरण घेऊ. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यानंतर २०१७ पासून अनेक कुटुंबांना येथील प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीत आणले गेले. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी २२५ चौरस फुटांची घरे आणि रेल्वे स्थानक लांब, अशी ही वसाहत. येथील प्रदूषणाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा घरातल्या विद्यार्थ्याने चेंबूर किंवा कुर्ल्याला शिकायला जायचे तर आधी बेस्टची बस पकडावी लागते. सकाळी चार्ज केलेला लॅपटॉप निदान दुपारपर्यंत टिकायला हवा, कारण वर्गात प्रत्येक बाकाजवळ प्लग नसतो.

समजा, त्याने २०१७ साली विकला गेलेला, सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे ‘जीटीएक्स १०५०’ कार्ड असलेला लॅपटॉप जुन्या बाजारातून घेतला. सातव्या पिढीचे हे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत, म्हणून त्यावर लिनक्स टाकले. यंत्र सुरू झाले, पण पंखा थांबेना, तळ तापू लागला आणि बॅटरी झपाट्याने उतरू लागली. ‘लिनक्सला बॅटरी पेलत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि यंत्र पुन्हा कोपऱ्यात जाते. बऱ्याचदा दोष लिनक्सचा नसतो. काही काम नसताना दुसरे ग्राफिक्स कार्ड जागे राहिलेले असते.

एका लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कशासाठी?

प्रोसेसरच्या पोटात असलेले अंगभूत ग्राफिक्स संगणकाचीच मेमरी वापरते आणि वीज कमी खाते. ब्राउझर, पीडीएफ, व्हिडिओ, प्रोग्रामिंगचा सराव यांना ते पुरेसे असते. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. खेळ, त्रिमितीय आरेखन, व्हिडिओ संपादन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग यांसाठी ते उपयोगी. पण पूर्ण जोमात ते कित्येक दशके वॅट वीज ओढते. कामापुरते जागे व्हावे आणि काम संपताच झोपावे, ही त्याच्याकडून अपेक्षा. एनव्हिडियाने २०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ या नावाने नेमकी हीच सोय आणली.

अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये पडद्याची तार अंगभूत ग्राफिक्सला जोडलेली असते. मोठे कार्ड चित्र तयार करते, ते अंगभूत ग्राफिक्सकडे सोपवते आणि तिथून ते पडद्यावर येते. म्हणजे दोघांमध्ये सतत समन्वय लागतो. काही यंत्रांत एचडीएमआयचे तोंड मात्र मोठ्या कार्डाला जोडलेले असते. तिथे प्रोजेक्टर लावला की त्या कार्डाला उठावेच लागते.

फरक किती पडतो, याचा साधा हिशेब असा. जुन्या बॅटरीत ३० वॅट-तास ऊर्जा उरली आहे आणि यंत्राला साध्या कामासाठी १० वॅट लागतात असे धरू. बॅटरी तीन तास चालेल. मोठे कार्ड रिकामे बसून आणखी पाच वॅट घेत असेल, तर दोनच तास. गेलेला एक तास म्हणजे एक अख्खे लेक्चर.

लिनक्सवर अदलाबदल का अडली?

हा समन्वय ड्रायव्हर नावाचे सॉफ्टवेअर करते. विंडोजसाठी एनव्हिडियाने तो स्वतः करून दिला. लिनक्ससाठी सुरुवातीला दिला नाही. कार्डाच्या अंतर्गत रचनेची माहितीही खुली नव्हती. त्यामुळे ‘नूवो’ हा खुला ड्रायव्हर स्वयंसेवकांना कार्डाच्या वर्तनावरून अंदाज बांधत लिहावा लागला. ऑप्टिमससाठी २०११ मध्ये ‘बंबलबी’ प्रकल्प पुढे आला, तोही स्वयंसेवकांचाच. त्याच्या स्थापनेच्या आज्ञावलीत एकदा एक रिकामी जागा चुकून जास्त पडली आणि ती चालवणाऱ्यांच्या यंत्रातली ‘यूएसआर’ ही महत्त्वाची निर्देशिकाच पुसली जाऊ लागली. कंपनीचे काम फावल्या वेळात करणाऱ्यांवर पडले की असे धोके येतातच.

जून २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांना एका श्रोत्या महिलेने ऑप्टिमसच्या लॅपटॉपबद्दलच विचारले होते. कॅमेऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी एनव्हिडियाला दिलेली शिवी गाजली. तिच्यामागचा प्रश्न मात्र विस्मरणात गेला. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राचा एक भाग कधी चालवायचा आणि कधी बंद ठेवायचा, हे ग्राहकाला का ठरवता येत नाही, असा तो प्रश्न होता.

मग परिस्थिती सुधारली का?

सुधारली, आणि तेही नोंदवायला हवे. २०१९ मध्ये एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये निवडक प्रोग्रामच मोठ्या कार्डावर चालवण्याची सोय आली. २०१८ मधील ‘ट्युरिंग’ पिढीपासूनची कार्डे काम नसताना पूर्णपणे झोपवता येऊ लागली. मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा लिनक्सच्या गाभ्यात बसणारा भाग खुला केला. एएमडीची दोन्ही ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये खुला ड्रायव्हर गाभ्यातच असल्याने ही अदलाबदल तुलनेने सुरळीत होते.

तरीही जीटीएक्स १०५० चे काय?

इथेच मेख आहे. जीटीएक्स १०५० हे ‘पास्कल’ पिढीतले, म्हणजे ट्युरिंगच्या आधीचे कार्ड. खुला केलेला भाग त्याला लागू नाही. एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर त्याला पूर्ण वेगाने पळवतो, पण मिश्र पद्धतीत पूर्ण झोपवत नाही. नूवो त्याला झोपवू शकतो, पण कंपनीची स्वाक्षरी असलेले आवश्यक फर्मवेअर न मिळाल्याने पूर्ण वेगाने पळवू शकत नाही. पळवणारा झोपवत नाही आणि झोपवणारा पळवत नाही! त्यातच ५८० या मालिकेनंतरच्या ड्रायव्हरमध्ये मॅक्सवेल आणि पास्कल पिढीला आधार नसेल, असे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले. म्हणजे विंडोजने ज्या वर्षी दार लावून घेतले, त्याच वर्षी लिनक्सचेही दार अर्धे लोटले गेले.

आज काय करता येते?

उबंटूसारख्या वितरणात ‘प्राइम-सिलेक्ट’ या आदेशाने तीन पर्याय मिळतात : फक्त अंगभूत, फक्त एनव्हिडिया किंवा गरजेनुसार. पर्याय बदलला की यंत्र पुन्हा सुरू करणे उत्तम. जुन्या कार्डाच्या लॅपटॉपवर रोजच्या वापरासाठी ‘फक्त अंगभूत’ हाच पर्याय शहाणपणाचा. नव्या यंत्रात ‘गरजेनुसार’ ठेवावे. ग्नोम डेस्कटॉपवर प्रोग्रामच्या चिन्हावर उजवे क्लिक करून तो तेवढा मोठ्या कार्डावर सुरू करता येतो.

दोन सापळे मात्र टाळायला हवेत. एक, ड्रायव्हर काढून टाकला म्हणजे कार्ड बंद झाले असे नाही. काही लॅपटॉपमध्ये त्याला झोपवणारेच कोणी उरत नाही आणि ते जागेच राहते. दोन, कार्ड झोपले का हे ‘एनव्हिडिया-एसएमआय’ने तपासू नये, त्या तपासणीनेच ते जागे होते. त्याऐवजी चार्जर काढून ‘पॉवरटॉप’ या साधनात बॅटरीतून किती वॅट जात आहेत, ते पर्याय बदलण्याआधी आणि नंतर पाहावे. आकडा उतरला, तर काम झाले.

जबाबदारी कोणाची?

लिनक्स वापरणारे ग्राहक थोडे, मग त्यांच्यासाठी एवढा खर्च कशाला, असा कंपन्यांचा युक्तिवाद असू शकतो. व्यवसाय म्हणून तो समजण्यासारखा आहे. पण याच कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धंद्याचा पाया असलेली डेटा सेंटर प्रामुख्याने लिनक्सवर चालतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात एनव्हिडियाची कृत्रिम बुद्धिमत्ता परिषद भरली, तेव्हा प्रमुख जेन्सन हुआंग यांनी भारतातील गुणवत्तेचे भरभरून कौतुक केले. ती गुणवत्ता तिथून काही किलोमीटरवरच्या माहुलमध्येही असू शकते. तिला नवे कार्ड परवडत नसेल, तर जुने तरी नीट झोपवता आले पाहिजे. आधार थांबवायचाच असेल, तर आवश्यक फर्मवेअर आणि माहिती खुली करून मग थांबवावा. पुढचे काम स्वयंसेवक करतील. अंदाज बांधत का होईना, आजवर त्यांनीच ते केले आहे.

संस्थांचाही वाटा आहे. पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘फॉसी’ प्रकल्प शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो, ‘स्पोकन ट्युटोरियल’मधून मराठीतही धडे मिळतात. सॉफ्टवेअर मोफत पोचवण्याचे हे काम मोलाचे आहे. त्याच्या जोडीला कॉलेजांनी आणि सरकारी कार्यालयांनी लॅपटॉप खरेदीच्या निविदेत एक ओळ घालावी : वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास ते लिनक्सवर पूर्ण बंद करता आले पाहिजे. एकगठ्ठा खरेदीदाराने विचारले की उत्पादकाला उत्तर द्यावे लागते.

तोवर जुना लॅपटॉप घेणाऱ्याने दुकानातच दोन गोष्टी विचाराव्यात. कार्ड कोणत्या पिढीचे आहे, आणि ते बायोसमधून बंद करता येते का? खेळ किंवा त्रिमितीय काम करायचे नसेल, तर वेगळे कार्ड नसलेलाच लॅपटॉप घ्यावा. विक्रेता ‘ग्राफिक्स कार्डवाला’ म्हणून हजार-दोन हजार जास्त मागत असेल, तर त्याच पैशांत नवी बॅटरी येते का, हे आधी पाहावे.