आधी प्रश्नपत्रिका दाखव

पाचवीतल्या मुलाला नवोदयच्या सराव पेपरात मागच्या रविवारी ७२.५ गुण होते, या रविवारी ६६.२५ आले, आणि घरात रात्री कोणी कोणाशी धड बोललं नाही. पनवेलमध्ये अशी घरं मला दरवर्षी भेटतात. क्लासच्या ग्रुपवर सगळ्या मुलांची नावं गुणांच्या उतरत्या क्रमाने येतात आणि आई-बाबा आपलं नाव शोधत खाली खाली जातात. ही यादी ग्रुपवर टाकणं बंद व्हायला हवं, हे मी क्लासवाल्यांना तोंडावर सांगत आले आहे. दहा वर्षांच्या मुलाचा क्रमांक अख्ख्या सोसायटीला कळून कोणाचंही भलं होत नाही. पण यादी येते, आणि मग पालक विचारतात, "मॅडम, सहा मार्क कसे काय घसरले?"

बहुतेक वेळा ते घसरलेलेच नसतात. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या निवड चाचणीत ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तास असतात. एका प्रश्नाला सव्वा गुण, म्हणजे हा सगळा फरक पाच प्रश्नांचा. ज्या मुलाची तयारी साधारण ५६ प्रश्न बरोबर येण्याइतकी आहे, ते मूल त्याच तयारीवर एकदा ५२ सोडवेल, एकदा ६०. चार पेपरांतला एखादा याच्याही बाहेर जाईल. संभाव्यतेचा हा ढोबळ हिशेब आहे, पण पालकांनी तो मनात पक्का ठेवावा. दोन रविवारांची तुलना करूच नये. चार-पाच पेपरांची सरासरी काढावी, पुढच्या चार-पाचांची काढावी, आणि त्या दोन सरासऱ्या शेजारी ठेवाव्यात. पेपरही एकाच धाटणीचे हवेत. काही प्रकाशनांचे संच मुद्दाम अवघड केलेले असतात, काही फार सोपे. एकातले गुण दुसऱ्याशी जोडण्यात अर्थ नाही. मागील वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिका हाच त्यातल्या त्यात भरवशाचा आधार.

हल्ली क्लास विभागवार तक्ताही देतात. 'आरशातील प्रतिमा : ५० टक्के' असं लाल रंगात छापलेलं असतं आणि आई रात्री आरसा घेऊन बसते. चाचणीतल्या मानसिक क्षमतेच्या विभागात ४० प्रश्न दहा प्रकारांत विभागलेले असतात : वेगळी आकृती, आकृती पूर्ण करणे, कागदाची घडी घालून पाडलेली छिद्रं, लपलेली आकृती वगैरे. प्रत्येक प्रकाराचे प्रश्न चारच. तेव्हा ५० टक्के म्हणजे दोन प्रश्न चुकले, इतकंच. एवढ्यावरून मूल कशात कच्चं आहे हे कोणालाही सांगता येणार नाही. पाच पेपरांतले त्या प्रकाराचे वीस प्रश्न एकत्र केले आणि तरीही दहा-बारा चुकलेले दिसले, तर मात्र जरूर आरसा काढावा.

गुणांमध्ये आणखी एक गोष्ट लपलेली असते, ती म्हणजे अंदाज. नवोदयला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल कोरा सोडू नये हे मुलांना शिकवलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. पण चार पर्यायांतून डोळे मिटून १६ गोल रंगवले, तर सरासरीने चार बरोबर येतात, कधी दोनच, कधी सहा. त्या चार प्रश्नांचे पाच गुण नशिबाने आले आणि नशिबाने गेले. म्हणून मुलाला एक सवय लावावी. खात्री नसलेल्या प्रश्नापुढे प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीने बारीकशी खूण करायची. घरी आल्यावर आधी खुणा नसलेले, म्हणजे 'मला येतं' असं मुलाला वाटलेले प्रश्न तपासा. त्यात चुकलेले किती, हे मला एकूण गुणांपेक्षा फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणून मुलाला "किती पडले?" असं विचारण्याऐवजी "आधी प्रश्नपत्रिका दाखव" म्हणावं. एक उदाहरण देते. तीन घंटा अनुक्रमे १२, १८ आणि २४ मिनिटांनी वाजतात. आत्ता एकत्र वाजल्या, तर पुन्हा किती मिनिटांनी एकत्र वाजतील? मुलाचं उत्तर सहा. उत्तर ७२ हवं होतं. बाबा म्हणतात, सिली मिस्टेक, लक्ष कुठे होतं? पण लक्ष तिथेच होतं. मुलाने मसावि काढला, तोही अचूक. हवा होता लसावि. अशा वेळी चूक सांगू नये. "ही बारा मिनिटांची घंटा सहाव्या मिनिटाला वाजते का रे?" एवढंच विचारावं आणि थांबावं. मूल हसतं आणि स्वतःच खोडरबर उचलतं. हा प्रश्न त्याला आकडेमोडीच्या शंभर गणितांनी सुटला नसता.

दुसऱ्या चुका वेगळ्या असतात. शेवटचे सात-आठ प्रश्न वाचलेच गेले नाहीत, ही वेळेची अडचण. मानसिक क्षमतेला ६० मिनिटं, अंकगणित आणि भाषेला प्रत्येकी ३० अशी वाटणी असते, आणि बरीच मुलं एखाद्या आकृतीपाशी अडकून बसतात. ओएमआर उत्तरपत्रिकेवर एक ओळ सुटली आणि तिथून पुढचे सगळे गोल एकेक घर सरकले, ही तिसरी तऱ्हा. तिथे गुण कोसळलेले दिसतात आणि मुलाला सगळं येत असतं. हे सगळं एका आकड्यात मिसळून जातं.

आता आपल्या भागाचं. रायगडचं नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे. जागा ८०. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी, म्हणजे ६०. उरलेल्या २० जागांवर शहरी आणि ग्रामीण दोघांचाही हक्क. २०१६ साली पनवेल महापालिका झाली तेव्हा खारघर, कामोठे, कळंबोलीबरोबर २९ महसुली गावंही तिच्यात आली, म्हणजे तिथल्या शाळा आता शहरी. ग्रामीण म्हणून धरले जाण्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण शाळेत झालेली लागते. मधला एक दिवसही शहरी शाळेत गेला, तर मूल शहरी धरलं जातं. त्यामुळे नेऱ्याच्या मुलीचे ७० गुण आणि कामोठ्याच्या मुलाचे ७० गुण यांचा अर्थ सारखा नाही. 'इतके पडले की सिलेक्शन' असा एकच आकडा सगळ्या वर्गाला सांगितला जातो, त्यावर विसंबू नका. शिवाय ज्या जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करायचा, पाचवीची शाळा त्याच जिल्ह्यात असावी लागते. खारघरला राहून बेलापूरच्या शाळेत जाणारं मूल ठाणे जिल्ह्यातल्या शाळेत शिकत असतं, हे वर्षभर सराव झाल्यावर कळलेली घरं आहेत.

बरेच पालक त्याच गुणांवरून साताऱ्याच्या सैनिक स्कूलचाही अंदाज बांधतात. सहावीच्या त्या परीक्षेत ३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताचे, तर नवोदयला अंकगणित १०० पैकी २५. आकृत्यांत चमकणारं मूल इथे पुढे आणि तिथे मागे असू शकतं. दोन्हींचे आकडे वेगळे लिहावेत.

नवोदयला सहावीसाठी मूल एकदाच बसू शकतं, म्हणून शेवटच्या आठवड्यात पालकांचा धीर सुटतो आणि रोज एक नवा पेपर दिला जातो. मी तो देत नाही. चुकलेल्या प्रश्नांची वही तेवढी काढायला सांगते, त्यातले पंधरा-वीस प्रश्न पुन्हा सोडवायचे. परीक्षा सकाळी साडेअकराला सुरू होते, तर बसायचंही साडेअकरालाच. नऊला पोटभर नाश्ता, दीडपर्यंत जागेवर. आणि त्या आठवड्यात उत्तरं तपासताना वर गुण लिहायचे नाहीत.