जुना ट्रॅक्टर घेताना



बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. जुना ट्रॅक्टर मात्र नव्या रंगावर भुलून घेतो. मग वर्षाची कमाई गॅरेजात जाते.

सकाळी इंजिन थंड असताना जा व आपल्यासमोर सुरू करायला सांगा. निळा धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जाळते असे समजा. आरसीवरचे चेसिस व इंजिन नंबर ताडून पाहा. बँकेचा बोजा असल्यास ना-हरकत दाखला व फॉर्म ३५ हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नका. फॉर्म २९ व ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या.

व्यापाऱ्याकडून पक्के बिल घ्या. काय दुरुस्त केले, हमी किती दिवसांची, हे त्यावर लिहून घ्या. त्याने दोष लपवल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकिलाचीही सक्ती नाही. सल्ल्यासाठी १९१५ वर फोन करा.

शेजाऱ्याचा ट्रॅक्टर घेतला तर सहसा ही वाट नसते. तिथे आधीच मेकॅनिक सोबत न्या व व्यवहार लेखी करा. तोंडी शब्दाचा पुरावा कोठून आणणार?